पोचा गाडीला, पैसे कुणाला?

मैत्रिणींनो, संसारात पैसा दोन तऱ्हांनी येतो. एक येतो महिन्याच्या महिन्याला. त्याला घरात शिरायच्या आधीच पाय फुटलेले असतात. दूध, वीज, किराणा, मुलांची फी, घराचा हप्ता! दुसरा येतो तो अवचित. कुठली तरी राहिलेली थकबाकी, माहेरची ओवाळणी, नाहीतर गाडीच्या विम्याची भरपाई. या दुसऱ्या पैशावर मात्र घरातल्या सगळ्यांची नजर. यांना वाटतं, गाडीला नवी सीटकव्हरं घालावीत. मुलाला मोबाईल बदलायचा असतो. सासूबाई म्हणतात, "बँकेत टाका बाई, सणावारी उपयोगी पडतील." आणि तुमच्या मनात असतो गेली दोन वर्षं घरघर करणारा मिक्सर. गाडीचा पोचा आहे तिथेच असतो. येणारा-जाणारा विचारतो, "अहो, हे कुठं लागलं?"

पोचा यायला आपल्याकडे निमित्त कमी नाहीत. साताऱ्याच्या पेठांतले उतार नि अरुंद बोळ, कासला जाताना यवतेश्वरच्या घाटातली वळणं, सांगलीकडे पेठ नाक्यावरून वळल्यावर हंगामात उसाच्या ट्रॉल्यांची रांग. ट्रॉलीबाहेर आलेलं एखादं कांडं दारावरून असा काही ओरखडा काढून जातं की, मांजरानं पडदा फाडावा तसा! ट्रॉलीवाला तोवर पुढच्या गावाला पोचलेला असतो. मग गॅरेज, मग विमा, मग "क्लेम करायचा का?" आणि शेवटी, "पैसे आले, आता काय करायचं?"

माझं म्हणणं असं, की हा शेवटचा प्रश्न आपण फार उशिरा विचारतो. पैसे खात्यात पडल्यावर नव्हे, क्लेमचा फॉर्म भरायच्या आधीच तो नवरा-बायकोनं मिळून सोडवला पाहिजे. कारण हा पैसा दिसतो अवचित, पण त्याला आधीपासून मालक असतात. कसे ते पाहू.

गाडीचा विमा म्हणजे एकाच कागदावर दोन निराळ्या गोष्टी असतात. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा थर्ड पार्टी विमा. हा १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं सक्तीचा आहे. आणि आपल्याच गाडीचं नुकसान भरून देणारा भाग, ज्याला ओन डॅमेज म्हणतात. तो ऐच्छिक. घरात नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर तुमच्या पोच्याला छदामही मिळणार नाही. इथे एक फसगत हमखास होते. १ सप्टेंबर २०१८ पासून नवी मोटार घेतानाच थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा घ्यावा लागतो. त्यामुळे घरात सगळे समजतात, "आपली पॉलिसी तीन वर्षांची आहे." पण बऱ्याचदा ओन डॅमेजचा भाग एकाच वर्षाचा असतो आणि तो केव्हाच संपलेला असतो! तेव्हा हा लेख वाचून झाला की पॉलिसी काढा आणि दोन्ही तारखा निरनिराळ्या वाचा.

आता पैसे हातात कसे येतात ते. गाडी कंपनीच्या यादीतल्या गॅरेजात दिली तर कॅशलेस होतं. कंपनी गॅरेजवाल्याला परस्पर पैसे देते, आपण फक्त आपल्या वाट्याचे भरतो. इथे खर्चाचा प्रश्नच उरत नाही, गाडी दुरुस्त होऊन दारात येते. यादीबाहेरच्या ओळखीच्या गॅरेजात काम केलं तर आधी पदरचे भरायचे, मग बिलं द्यायची, आणि मंजूर झालेली रक्कम काही दिवसांनी पॉलिसी ज्याच्या नावावर त्याच्या खात्यात येते. तिसरी तऱ्हा कमी आढळते. गाडी दुरुस्त करून द्यायची की नुकसानीची रक्कम रोख द्यायची, हे ठरवायची मुभा पॉलिसीच्या शर्तींत कंपनीला असते. नुकसान लहान असलं, आपण विचारलं, आणि कंपनीला पटलं, तर ठरलेली रक्कम दुरुस्तीआधीच रोख मिळू शकते. ती दुरुस्तीच्या खर्चाहून थोडी कमी असते. "पोचा ठेवायचा आणि पैसे दुसरीकडे वापरायचे" हा विचार सरळ मार्गानं करता येतो तो या तिसऱ्या तऱ्हेत.

मधल्या तऱ्हेत सगळी गंमत आहे. बिलाचे बारा हजार आपण ऑगस्टमध्ये भरलेले असतात. कुठून? बहुतेक वेळा मुलीच्या क्लासच्या फीसाठी बाजूला ठेवलेल्यातून, नाहीतर दिवाळीसाठी लावलेल्या भिशीतून. मग सप्टेंबरच्या अखेरीस विम्याचे पैसे येतात, आणि तोवर आपण ते ऑगस्टमधलं दुखणं विसरून गेलेलो असतो. आलेली रक्कम नवी वाटते. ती नवी नसते हो! ती फीचीच असते, फक्त दीड महिना बाहेरगावी जाऊन आलेली. म्हणून गाडीसाठी पैसे काढताना वहीत एक ओळ लिहून ठेवावी. कुठल्या पाकिटातून किती काढले, तारीख काय. विम्याचे आले की आधी ते पाकीट भरायचं. जी बाई हे करते तिच्याकडे "आता काय करायचं" या वादाला फारसं काही शिल्लकच राहत नाही.

आणि पूर्ण रक्कम परत येत नाहीच. हा हिशोब मी एकदा कागदावर मांडून दाखवते, कारण "विमा आहे ना, मग काळजी कशाला" हे वाक्य आपल्याकडे फार स्वस्तात बोललं जातं.

समजा, चौथ्या वर्षात असलेली लहान मोटार आहे. पुढचा बंपर फुटला. गॅरेजचं बिल झालं १२,००० रुपये. त्यात नवा बंपर ६,०००, रंगकाम ४,०००, मजुरी २,०००. कराची भानगड सोयीसाठी बाजूला ठेवू. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर घसारा म्हणून निम्मी किंमत कापतात, गाडी कितीही नवी असो. म्हणजे बंपरचे ३,००० गेले. रंगाच्या बिलातला पाव भाग सामानाचा धरतात आणि त्याच्यावर निम्मा घसारा, म्हणजे ५०० गेले. मजुरी पूर्ण मिळते. राहिले ८,५००. त्यातून पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये आपण सोसायचे असतात. हातात आले ७,५००. बाकीचे ४,५०० आपल्याच पदरचे. पत्र्याच्या भागांवर वयाप्रमाणे घसारा असतो. चौथ्या वर्षात २५ टक्के, पाच वर्षांनंतर ४० टक्के, दहा वर्षांनंतर निम्मा. काचेवर मात्र घसारा नाही, हे लक्षात ठेवा.

इथवर ठीक. पण याच्या पुढे जो तोटा आहे तो डोळ्यांना दिसत नाही. वर्षभर क्लेम केला नाही की पुढच्या वर्षी ओन डॅमेजच्या हप्त्यात सूट मिळते, तिला नो क्लेम बोनस म्हणतात. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५०. एक क्लेम केला की पायरी थेट शून्यावर. सापशिडीतला मोठा साप! आपल्या उदाहरणातल्या गाडीला तीन वर्षांची ३५ टक्के सूट चालू आहे आणि सूट वजा करण्याआधीचा ओन डॅमेजचा हप्ता ८,००० रुपये आहे असं धरा. क्लेम केला नाही तर पुढच्या वर्षी ४५ टक्के सूट, म्हणजे ३,६०० वाचले असते. क्लेम केल्यावर शून्य. त्याच्या पुढच्या वर्षी ५० टक्क्यांऐवजी २०, तोटा २,४००. मग ५० ऐवजी २५, तोटा २,०००. मग ५० ऐवजी ३५, तोटा १,२००. मग ५० ऐवजी ४५, तोटा ४००. पाच वर्षांची बेरीज ९,६०० रुपये! गाडी जुनी होत जाईल तसा हप्ता उतरतो, म्हणून प्रत्यक्षात हा आकडा थोडा खाली येईल. तरीसुद्धा साडेसात हजारांसाठी साधारण तेवढेच, किंवा जास्तच, आपण हप्त्यातून परत देणार.

सूट ५० टक्क्यांवर पोचली असेल तर तोटा याहून किंचित जास्त. पहिलंच वर्ष असेल, सूट अजून सुरूच झालेली नसेल, तर तोच तोटा चार हजारांच्या आसपास, तेव्हा क्लेम करणं परवडतं. तुमच्या पॉलिसीत घसारा न कापण्याची जादा सोय असेल तर बंपरचे पूर्ण पैसे मिळतात आणि हिशोब बदलतो. बोनस राखण्याची सोय घेतली असेल तर आणखी बदलतो. हे सगळं पॉलिसीच्या पानावर छापलेलं असतं. स्वयंपाकाचं पुस्तक आपण ओळ न् ओळ वाचतो, तशी ही दोन पानं एकदा वाचायला हरकत नाही. हे गणित नवऱ्याचं आणि कूकर तुमचा, अशी वाटणी करू नका. वर्षाचा हप्ता घरखर्चातूनच जातो.

म्हणजे लहान पोच्याला बरेचदा शहाणपण यात, की क्लेम करूच नये. हे ऐकून यांचा चेहरा पडेल. "मग विमा भरायचा कशाला?" तर मोठ्या घावासाठी. गाडी उलटली, चोरीला गेली, पुरात बुडाली, तर.

साताऱ्याच्या माणसाला तर हे सांगायला नको. वामन गणेश ऊर्फ अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ साली साताऱ्यात वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली, त्या काळात पुण्या-मुंबईबाहेरच्या गावानं विम्याची कंपनी चालवायची म्हणजे धाडसच. पुढे १९५६ साली देशातला सगळा आयुर्विमा सरकारनं एकत्र केला, त्यात तीही गेली. चिरमुल्यांनीच १९३६ साली सुरू केलेली युनायटेड वेस्टर्न बँक २००६ मध्ये दुसऱ्या बँकेत विलीन झाली, आणि १९१६ सालची सांगली बँक २००७ मध्ये. दोन्ही गावांच्या जुन्या पासबुकांना आमच्या पिढीच्या कपाटात अजून जागा आहे! पण सांगायचं ते एवढंच, की विमा म्हणजे संकटाची पुंजी, हे या भागानं फार लवकर ओळखलं होतं. भिशी लागावी तशी ती लागत नसते.

गॅरेजात एक मोह ठेवलेला असतो, त्याबद्दलही बोलून टाकते. "वहिनी, क्लेम करतोच आहोत तर मागच्या दाराचा जुना ओरखडापण यातच बसवू की. तुम्हाला काय, कंपनीचे पैसे!" किंवा बिल फुगवून वरचे रोख परत. बोलणारा गोड बोलतो, शिवाय ओळखीचा असतो. पण क्लेमच्या फॉर्मवर खाली सही आपली असते. खोटी माहिती दिली तर क्लेम तर जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते. आणि मुलगा शेजारी उभा राहून हे सगळं ऐकत असतो, ते निराळंच.

आता समजा, सगळा विचार करून तुम्ही क्लेम केला, किंवा ट्रॉलीवाला सापडला आणि भल्या माणसानं रस्त्यातच चार हजार रोख दिले. (ते घेतलेत तर तेच नुकसान पुन्हा विम्यातून मागायचं नाही, हे वेगळं सांगायला नकोच.) पैसे हातात आहेत. गाडीवर किती लावायचे?

माझी एक मैत्रीण साताऱ्यात शाहूपुरीत राहते. शाळेत शिकवते. तिच्या गाडीला फाटकाचा खांब लागून एकाच वेळी दोन जखमा झाल्या. पुढच्या बंपरचा कोपरा खरवडला आणि डाव्या दाराचा रंग पत्र्यापर्यंत निघाला. बंपर समोर असल्यामुळे घरात सगळे बंपरकडे बघून हळहळत होते. तिनं मात्र दार आधी करून घेतलं. तिचं बरोबर होतं. हल्लीचे बंपर प्लॅस्टिकचे. खरवडला तर दिसायला वाईट, पण त्याला गंज कुठून चढणार? दाराचा पत्रा उघडा पडला की साताऱ्याचा पावसाळा त्याला सोडत नाही. जून ते सप्टेंबर चार महिन्यांत त्या ओरखड्याच्या कडेनं तांबूस फुगे येतात, रंग आतून सुटतो, आणि हजाराचं काम पुढच्या वर्षी पाच हजारांवर जातं. पोचा आहे पण रंग फुटलेला नाही, तर तो वर्षानुवर्षं राहिला तरी चालतो. बोट फिरवून बघा. नख अडकलं आणि खाली करडा पत्रा दिसला तर वाट पाहू नका. तेवढं रंगवायलाही पैसे नसतील, तर निदान टचअपची बाटली आणून तो भाग झाकावा. काम देखणं होत नाही, पण पाणी थांबतं.

काही गोष्टी मात्र अशा आहेत की तिथे मिक्सर, मोबाईल, मुदत ठेव सगळं मागे ठेवावं. हेडलाइटची काच तडकली असेल तर आत पाणी शिरून दिवा मंद होतो, आणि खंबाटकी घाटात पावसाळी रात्री मंद दिवा म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. बाजूचा आरसा, समोरच्या काचेची चीर, नीट न लागणारं दार, एका बाजूला ओढणारं स्टिअरिंग. चाकाला धक्का बसला असेल तर अलाइनमेंट तपासून घ्यावीच. नाहीतर टायर एका कडेनं झिजतो आणि वाचवलेले पैसे टायरवाला घेऊन जातो. पुढून जोरात धक्का बसला असेल तर बंपर वरून नुसता चेपलेला दिसतो, पण त्याच्या मागे रेडिएटर असतो, आणि एअरबॅगला धक्क्याची खबर देणारी यंत्रं बऱ्याच गाड्यांत त्याच भागात असतात. एकदा बंपर उतरवून आत पाहायला सांगा. पाहण्याची मजुरी जाते ती जाऊ द्या.

एवढं झाल्यावर उरलेला पोचा हा फक्त दिसण्याचा प्रश्न. आणि इथे मी पोचा ठेवणाऱ्यांच्या बाजूची आहे. लग्नाला जायचंय, पाहुणे काय म्हणतील, ही कारणं मला पटत नाहीत. गाडी दोन वर्षांत विकायची असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा गिऱ्हाईक पोच्याकडे बोट दाखवून भाव पाडतं. पण आणखी सात-आठ वर्षं हीच वापरायची असेल तर शेजाऱ्यांच्या डोळ्यांसाठी रंगकामाला चार हजार? छे! फक्त एक ध्यानात ठेवा. पोचा तसाच ठेवून पैसे घेतले असतील तर त्याच जागी पुन्हा लागल्यावर कंपनी जुनं नुकसान वजा करणार. तिच्याकडे सर्व्हेअरनं काढलेले फोटो असतात.

शाहूपुरीच्या मैत्रिणीचा बंपर अजून तसाच आहे. वर्गातल्या मुली आता गाडी लांबून ओळखतात म्हणे!

हे झालं साताऱ्याचं. सांगलीचं दुखणं वेगळं, तिथे गाडीला लागतं ते पाणी. कृष्णेची पातळी सांगलीकर आयर्विन पुलावर मोजतात. १९२९ साली उघडलेला तो पूल म्हणजे सांगलीचं तापमापक. ४५ फुटांवर धोका. २००५ साली ती रेषा ओलांडली, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं, आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा धोक्याच्या पार. गावभागात राहणाऱ्या एका परिचित बाईंची २०१९ ची हकिगत तुम्हाला सांगते, कारण "विम्याचे थोडे पैसे कशावर खर्च करायचे" हा प्रश्न मी याहून अवघड रूपात कुठे पाहिला नाही.

त्यांनी गाडी वेळेवर उंचावरच्या कॉलनीत दिरांकडे नेऊन लावली होती. पाणी तिथेही आलं, पण फार नाही, गाडीच्या आत पायाखालच्या मॅटपर्यंत. घरात मात्र खिडकीच्या वर. चार दिवसांनी पाणी उतरलं तेव्हा फ्रिज आडवा, गाद्या चिखलात, कणगीतले गहू कुजलेले, लाकडी कपाटाच्या फळ्या फुगून दारं उघडेनात. घराचा विमा? नव्हता. घरातल्या सामानाचा? नव्हता. विमा होता तो फक्त गाडीचा, आणि तोही पूर्ण होता म्हणून पुराचं नुकसान त्यात बसलं. वाईट वाटतं, पण आपल्या बहुतेक घरांची हीच स्थिती आहे. कायद्यानं दंड होतो म्हणून गाडीचा विमा भरायचा, आणि ज्या घरात आपण जन्म काढतो ते उघडं.

त्यांच्या यजमानांनी एक शहाणपणा केला. पाणी उतरल्यावर गाडीची चावी फिरवून बघितली नाही. इंजिनात पाणी शिरलेलं असताना गाडी सुरू केली तर इंजिनच मोडतं, आणि साध्या पॉलिसीत कंपन्या ते नुकसान देत नाहीत. त्यासाठी इंजिनाच्या संरक्षणाची जादा सोय आधी घेतलेली असावी लागते. गाडी टो करून गॅरेजात नेली. इंजिन वाचलं होतं. सीटखालची वायरिंग, गालिचा, ब्रेक एवढंच काम. रोख रक्कम घ्यायची असं कंपनीशी ठरलं आणि १८,००० रुपये आले. त्या महिन्यात त्या घरात आलेला तो एकुलता एक मोठा पैसा.

यजमानांचं म्हणणं, गाडी पुरी स्वच्छ करून घेऊ. कामावर तिनेच जायचं, आणि पुराचा वास एकदा सीटमध्ये बसला की जात नाही. त्यांचंही खोटं नव्हतं. बाईंनी गॅरेजवाल्याला एकच प्रश्न विचारला. "यातलं काय केलं नाही तर गाडी रस्त्यात दगा देईल?" त्यानं सांगितलं, वायरिंग आणि ब्रेक. ओला गालिचा काढून टाकायचा, नाहीतर खालचा पत्रा गंजेल. सात हजारांत ते झालं. सीट तशाच. उरलेल्या अकरा हजारांत दोन गाद्या, शेगडी आणि महिन्याचं धान्य. कंपनीकडून या सीटसाठी पुन्हा काही मिळणार नाही, पुढच्या वर्षी हप्त्यातली सूट जाणार, हे दोन्ही त्यांना ठाऊक होतं. वास वर्षभर राहिला. गाडी विकताना घेणाऱ्यानं नाक मुरडलं आणि भाव पाडला. "पाडू दे," बाई म्हणाल्या, "त्या रात्री पोरं जमिनीवर झोपली नाहीत."

मला त्यांचा निर्णय सोळा आणे पटतो. पण त्यानंतर त्यांनी जे केलं ते मला जास्त मोलाचं वाटतं. पुढच्या दोन वर्षांत गाडीला एक-दोन लहान ओरखडे आले, त्यांचा क्लेम केला नाही. बोनसची सूट पुन्हा सुरू झाली. सुटीतून वाचलेल्या पैशांत थोडी भर घालून त्यांनी घराचा विमा उतरवला. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांना भारत गृह रक्षा नावाची एकाच नमुन्याची पॉलिसी द्यावी लागते. आग, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणं हे सगळं तिच्यात येतं. घराच्या इमारतीचा जेवढा विमा, त्याच्या २० टक्के घरातल्या सामानाला आपोआप मिळतो, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत. भाड्यानं राहत असाल तर नुसत्या सामानाचाही उतरवता येतो. दागिने मात्र त्यात धरत नाहीत, त्यांची सोय निराळी करावी लागते. हे सांगलीपुरतंच नाही. २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात दरडी कोसळल्या तो जिल्हा साताऱ्याचाच.

तेव्हा गाडीच्या पोच्याचे पैसे आले, गंजणारं आणि धोक्याचं दुरुस्त झालं, काढलेलं पाकीट भरलं, आणि तरी काही उरलं, तर माझं मत घराच्या विम्याला. मिक्सरला नाही का? आहे ना, तो पुढच्या दिवाळीत घ्या. वाटलं तर आधी त्याची ब्रशेस बदलून बघा.

आता थोडं कागदोपत्री. अपघात झाला की कंपनीला लगेच कळवायचं असतं, म्हणून वरचं गणित आठवडाभर घोळवत बसू नका. त्याच संध्याकाळी मांडा. गाडी हलवण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा, त्यात नंबर दिसला पाहिजे. कुणाला इजा झाली असेल तर पोलिसांत नोंद आधी, बाकी सगळं नंतर. सर्व्हेअर येईपर्यंत गॅरेजवाल्याला काही उघडू देऊ नका. पॉलिसीचं नूतनीकरण तारीख चुकवून नव्वद दिवसांच्या पुढे गेलं तर बोनस क्लेम न करताही जातो. गाडी विकलीत तर बोनस गाडीबरोबर जात नाही, तो मालकाचा असतो. कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, तीन वर्षांच्या आत दुसऱ्या गाडीला लावता येतो. गाडी तुमच्या नावावर असेल तर तो बोनसही तुमचाच बरं का!

कंपनीनं क्लेम नाकारला किंवा फारच कमी पैसे दिले असं वाटलं, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी लिहा. महिनाभरात समाधानकारक उत्तर आलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. आपल्या दोन्ही जिल्ह्यांना त्यांचं पुण्याचं कार्यालय. फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत अर्ज गेला पाहिजे.

आणि पॉलिसीची प्रत गाडीच्या डॅशबोर्डमध्ये असते तशी असू दे, पण एक घरात ठेवा आणि एक मोबाईलवर. सांगलीकर मैत्रिणींनी घरातली प्रत खालच्या ड्रॉवरमध्ये न ठेवता माळ्यावर ठेवावी, प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशनकार्ड आणि मुलांच्या दाखल्यांसोबत.